फळ्यापलीकडे : मुक्काम पोस्ट इटली



या वेळी कामोठ्याहून एका आईंचं पत्र आलंय. त्यांची बहीण, म्हणजे मुलांची मावशी, इटलीत पेरुजिया नावाच्या गावाजवळ राहते. तिने सगळ्यांना उन्हाळ्यात बोलावलंय. चार दिवसांसाठी नव्हे हं, चांगलं तीन महिने! आई, आजी, तिसरीतून चौथीत जाणारी मुलगी आणि पाचवीत जाणारा मुलगा, अशी चौघं निघणार आहेत. आईंनी दोन प्रश्न विचारलेत. पहिला, ‘तीन महिन्यांत इटलीतली किती शहरं पाहून होतील?’ आणि दुसरा, ‘बाई, शाळा बुडेल त्याचं काय?’

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे इटलीला निघालोय? आमची सुट्टी तर माणगावला नाहीतर मालवणला! पण थांबा. आजचं लिहिणं तुमच्यासाठीही आहे. माणगावचं नाव तर मी मुद्दामच घेतलंय. का, ते पुढे कळेलच.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर सोपं आहे : ताई, शहरं मोजू नका. दहा दिवसांत दहा शहरं बघणारे पुष्कळ असतात. त्यांना घरी आल्यावर फोटो बघूनसुद्धा आठवत नाही की हा घुमट कुठला आणि तो पूल कुठला! तुम्हाला तर तीन महिने मिळतायत. तेव्हा इटली पाहायला जाऊ नका, इटलीत राहायला जा. आपण मामाच्या गावाला काय ‘पाहायला’ जातो का? तिथे आपण राहतो, म्हणून तर ते गाव आपलं होतं.

आता एक गणित. भारतातून फिरायला जाणाऱ्यांना त्या देशांच्या परवान्यावर, म्हणजे शेंगेन व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवससुद्धा त्यात धरतात. मग १ मेला पोचलं, तर परत कधी निघायचं? मेचे ३१, जूनचे ३०, झाले ६१. उरले २९. म्हणजे २९ जुलैला विमानतळ गाठायचा! बोटांवर मोजून बघा बरं.

तिकडचा उन्हाळा, इकडचा पावसाळा

पण मुलांनो, १ मेला तिथे पोचलात तर खेळायला कोणी मिळेल का? दिवसा तरी नाही! कारण आपल्या शाळांना सुट्टी लागते तेव्हा इटलीतली मुलं दप्तर घेऊन शाळेत निघालेली असतात. त्यांच्या शाळा बंद होतात जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि उघडतात सप्टेंबरच्या मध्याला. तीन महिने सलग सुट्टी! हेवा वाटला ना? मग हेही ऐका. त्यांनाही सुट्टीचा अभ्यास असतो. त्यासाठी वेगळी छापील पुस्तकंच मिळतात, आणि तिथली मुलंही ती शेवटच्या आठवड्यात भराभर भरतात, अगदी तुमच्यासारखीच!

असं का बरं? आपल्याकडे मेमध्ये अंग भाजून निघतं आणि जूनमध्ये पाऊस येतो. तिथे मे महिना असतो सुखद वसंताचा. खरं ऊन तापतं जुलै-ऑगस्टमध्ये. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ‘भूमध्य सागरी हवामान’ असा शब्द येतो. परीक्षेपुरता पाठ करतो आपण तो. त्याचा अर्थ असा की उन्हाळा कोरडा आणि पाऊस मुख्यतः थंडीच्या दिवसांत. खारघरच्या पांडवकड्यावरून जुलैत पाणी धो धो कोसळत असतं, तेव्हा पेरुजियाच्या भोवतालच्या टेकड्या वाळून पिवळ्या पडलेल्या असतात. गहूही तिथे जून-जुलैत कापतात. आपल्याकडे तो होळीच्या आगेमागेच घरात आलेला असतो.

आणखी एक गंमत. २१ जूनला नवी मुंबईत सूर्य मावळतो सव्वासातच्या सुमाराला. पेरुजियात तो पावणेनऊपर्यंत आकाशात असतो! आपण विषुववृत्तापासून १९ अंश उत्तरेला, तर पेरुजिया ४३ अंशांवर. जितकं उत्तरेला जावं तितका उन्हाळ्यातला दिवस मोठा. तेव्हा आईने ‘दिवेलागणीला घरात या’ असं सांगितलं, तर तिथल्या मुलांना नऊ वाजेपर्यंत खेळता येईल!

आजीला तिथे करमेल का?

करमेल, आणि छान करमेल. आजीला सांगा, तिथेही वाळवणासारखा कार्यक्रम असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे घातले जातात आणि राखणीला मुलं बसतात. इटलीतल्या कितीतरी घरांत उन्हाळा ऐन भरात आला की टोमॅटोचा घाट घातला जातो. पिकलेल्या टोमॅटोची रास, मोठी पातेली, बाटल्या, आणि घरातली लहानथोर माणसं कामाला लागलेली. टोमॅटो गाळून त्याचा रस बाटल्यांत भरायचा, बाटल्या पाण्यात उकळायच्या, आणि वर्षभर पुरवायचा. त्याला म्हणतात ‘पासाता’. गंमत म्हणजे टोमॅटो मूळचा ना त्यांचा, ना आपला. तो अमेरिका खंडातून आला. आपली मिरचीही तिथूनच आलेली!

पास्ता म्हणजे तरी काय? गव्हाच्या पिठाचा आकार देऊन वाळवलेला पदार्थ. शेवयांचा लांबचा भाऊच म्हणा ना! आजीला खपली गहू माहीत असणार. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे तो होतो, खीर त्याचीच करतात. पेरुजिया ज्या उंब्रिया प्रांतात आहे, तिथल्या डोंगरात ‘फार्रो’ नावाचं धान्य पिकतं. ते नि खपली एकच! हजारो वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने हा गहू पिकवायला घेतला, आणि तो एकीकडे इटलीत पोचला, दुसरीकडे भारतात. तेव्हा आजीने तिथे खपलीची खीर जरूर करावी आणि शेजाऱ्यांना वाटीभर द्यावी.

घरात शाकाहार असेल तर एक लक्षात ठेवा. पार्मिजानो नावाचं तिथलं प्रसिद्ध चीज करताना दूध विरजायला वासराच्या जठरातला पदार्थ वापरतात. म्हणून दुकानात आधी विचारून घ्यावं.

दुपारी मात्र दुकानात जाऊ नका. लहान गावांत एकच्या सुमाराला दुकानं बंद होतात, ती चार-साडेचारला उघडतात. पुण्याच्या माणसांना यात काही नवल वाटणार नाही! आणि संध्याकाळी? ऊन कललं की सगळं गाव बाहेर पडतं. आजी-आजोबा, बाबागाडीतली बाळं, सगळे मुख्य रस्त्यावर नुसते इकडून तिकडे फिरतात, थांबतात, गप्पा मारतात. वाशीच्या मिनी सी शोअरवर संध्याकाळी जशी माणसं दिसतात ना, तस्संच. याला ते ‘पास्सेज्जाता’ म्हणतात. आजीची तिथे मैत्रीण झाली नाही तरच नवल.

भाषेचं काय? मराठी मुलांना इटालियन बोलायला फार जड जाऊ नये. मोठ्या माणसांशी बोलायचं एक रूप आणि बरोबरीच्यांशी दुसरं, हे आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखंच त्यांच्याकडेही आहे. इंग्रजीच्या ‘यू’ने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं, तसं नाही. आणि जोडाक्षरांकडे नीट लक्ष द्यायचं. ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा, पण ‘नोनो’ म्हणजे नववा! एक ‘न्’ खाल्लात तर आजोबांचा नंबर होईल. कोणाच्या घरात पाऊल टाकताना म्हणायचं, ‘पेर्मेस्सो?’ म्हणजे आपलं, ‘येऊ का आत?’ हा एक शब्द आला, की दारं उघडतात.

माणगावचा माणूस

आता माणगावची गोष्ट. पेरुजियाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एका टेकडीवर मोन्तोने नावाचं चिमुकलं गाव आहे. हीच टायबर नदी पुढे रोममधून वाहते. पण रोमला जाणारे लाखो लोक मोन्तोनेला जात नाहीत. तुम्ही मात्र जा. एक अख्खा दिवस काढून जा.

तिथे एक सूर्यघड्याळ आहे. त्याला आपल्या एका माणसाचं नाव दिलेलं आहे : यशवंत घाडगे. घाडगे रायगड जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत ५०,०००हून अधिक भारतीय सैनिक लढले. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता. या लढाईत उतरायचं की नाही, हे भारतातल्या कोणाला विचारून ठरलं नव्हतं. पण तिथे गेल्यावर ही माणसं मागे हटली नाहीत.

१० जुलै १९४४. ऐन उन्हाळा. घाडगे आपल्या छोट्या तुकडीला घेऊन पुढे चालले होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते सरळ मशीनगनच्या दिशेने धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी ती बंद पाडली. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीचाच दांडक्यासारखा उपयोग करून ते लढले आणि एकट्याने ती जागा घेतली. पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते तिथेच कोसळले. वय होतं २२ वर्षं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो तेव्हाचा शौर्याचा सर्वांत मोठा सन्मान. त्यांची समाधी कुठे नाही. इटलीतल्या कॅसिनो इथल्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे.

ते एकटेच नव्हते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर असाच पराक्रम केला. गोळीबार चालू असताना त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून सुरक्षित पोचवलं, आणि मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. ते मात्र सुखरूप परत आले आणि १९८४पर्यंत जगले. इटलीत या युद्धात ५,७८२ भारतीय सैनिकांनी प्राण दिले.

मोन्तोनेच्या लोकांनी ही आठवण जपली. जुलै २०२३मध्ये तिथल्या ग्रामसंस्थेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून घाडग्यांच्या नावाचं हे सूर्यघड्याळ उभारलं. त्यावर लॅटिन भाषेत एक वचन आहे. त्याचा अर्थ असा : आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

बघा, जिथे आपला माणूस लढला, त्या गावाने पुतळा नाही, तोफ नाही, घड्याळ उभारलं. सावलीचं. पुतळा आहे तो आपल्याकडे, माणगावात, तहसील कार्यालयाजवळ. पनवेलहून पेण, नागोठणे, कोलाड, इंदापूर करत गाडी माणगावात शिरते, ‘चला, चहा घेऊ’ म्हणत आपण उतरतो. किती जणांनी तो पुतळा पाहिलाय? हात वर करा पाहू! ज्यांना इटली नाही, त्यांनी माणगावला थांबावं. गोष्ट तीच आहे.

एक बाई इथे राहिल्या

आपली माणसं तिकडे होती, तेव्हा तिकडच्या एक बाई आपल्याकडे होत्या. त्यांचं नाव मारिया माँटेसरी. हो, त्याच! ज्यांच्या नावाच्या पाट्या आपल्याकडे नाक्यानाक्यावर बालवाड्यांवर दिसतात. त्या इटलीच्या. १९०७मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी मुलांचं पहिलं ‘बालगृह’ उघडलं. १९३९मध्ये त्या मुलाला, मारिओला, बरोबर घेऊन मद्रासला शिकवायला आल्या. यायचं होतं थोड्या महिन्यांसाठी. पण इटली महायुद्धात ब्रिटनविरुद्ध उतरली, आणि मायलेकांना १९४६पर्यंत परत जाता आलं नाही. महिन्यांचा मुक्काम सात वर्षांचा झाला!

त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. त्यांच्या विचारांना आपल्या मातीत रुजवायचं काम आपल्या ताराबाई मोडकांनी केलं. १९४५मध्ये ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. महाग लाकडी खेळण्यांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड वापरले. आम्ही डी.एड.ला असताना हे वाचलं होतं. अजून वर्गात चिंचोके मोजायला दिले, की मला रोम आणि बोर्डी दोन्ही आठवतात.

पाहुणा नुसता बघून जातो. राहणारा काहीतरी शिकतो, काहीतरी देतो. म्हणून म्हणते, राहा!

आणि शाळा?

आता ताईंचा दुसरा प्रश्न. आपल्या मराठी शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. म्हणजे तुमच्या मुलांचे सुमारे सहा आठवडे बुडणार. मी शिक्षिका आहे, म्हणून ‘काही हरकत नाही’ असं मोघम म्हणणार नाही. नव्या वर्गाचे पहिले दिवस महत्त्वाचे असतात. त्यातच नवा भागाकार येतो आणि नवा मित्रही मिळतो. पण न्या तुम्ही मुलांना. फक्त तीन गोष्टी करा. जाण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, तारखा लिहून. पुढच्या इयत्तेची मराठी आणि गणिताची पुस्तकं बरोबर घ्या. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. आणि मुलांनी रोज एक पान मराठीत लिहावं. ‘आज काय पाहिलं’ नको, ‘आज कोणाशी बोललो’ हे लिहावं.

पालकहो, एक मनातलं बोलू? इटलीहून आलेल्या मुलाला आम्ही वर्गापुढे उभं करतो, ‘सांग बाळ, काय काय पाहिलंस?’ पण आपल्या नवी मुंबईत बांधकामावरच्या मजुरांची, नाक्यावर काम शोधणाऱ्यांची मुलंही शिकतात. तीही दोन-दोन महिने गावी जातात. कधी पेरणीला, कधी आजारी आजीजवळ, कधी आईबापांबरोबर नव्या कामावर. ती परत येतात तेव्हा त्यांना पहिला प्रश्न मिळतो, ‘कुठे होतास इतके दिवस?’ दोघांचेही आठवडे बुडालेलेच. एकाला टाळ्या, एकाला ओरडा. हे बरोबर आहे का?

पेरणी कशी करतात, पाभर कशी धरतात, रात्री शेतावर राखणीला बसताना भीती वाटते का, हे त्या मुलाला विचारून तर पाहा! त्यालाही वर्गापुढे उभं करू या. आणि बुडालेला भागाकार दोघांनाही सारख्याच मायेने शिकवू या. कामोठ्याच्या ताईंच्या मुलांनी परत आल्यावर आधी एवढंच करावं : वर्गात जो असा गावाहून आला असेल, त्याच्या शेजारी बसावं. दोघांनी आपापलं गाव एकमेकांना सांगावं.

करून पाहा

१५ किंवा १६ मेला नवी मुंबईत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराला मोकळ्या जागेत सपाट जमिनीवर एक सरळ बाटली किंवा काठी उभी करा. दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास सावली नाहीशी होईल! याला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. ढग असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. त्यानंतर जुलैच्या अखेरीसही हा दिवस येतो, पण तेव्हा पावसाळी आभाळ सूर्य दिसू देईलच असं नाही.

पेरुजियात मात्र सावली कधीच नाहीशी होत नाही. ते गाव कर्कवृत्ताच्या कितीतरी उत्तरेला आहे. मेच्या त्याच दिवशी तिथे भर दुपारी, त्यांच्या घड्याळात एक वाजून गेल्यावर, १ मीटर उंच काठीची सावली सुमारे ४५ सेंटिमीटर पडेल. आपल्या घड्याळात तेव्हा साडेचार वाजून गेलेले असतील, कारण उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात.

तुमची कोणी मावशी, काका, दादा दूर राहत असेल, मग ते पेरुजिया असो, नागपूर असो की परभणी, त्यांना फोन करून सांगा : त्याच दिवशी भर दुपारी एक मीटरची काठी उभी करा आणि सर्वांत आखूड सावली मोजा. आलेले आकडे वहीत गावाच्या नावापुढे लिहा, आणि नकाशात बघा, कोणतं गाव किती उत्तरेला आहे. सूर्य एकच, सावल्या वेगवेगळ्या का, ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि तुमचे आकडे मला जरूर कळवा. वाट पाहते.

तुमच्या बाई